न जुळणारा आकडा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



अकरावी-बारावी सायन्सला किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ज्यांनी फिजिक्सचं प्रॅक्टिकल केलं आहे, त्यांना साध्या लंबकाचा प्रयोग आठवत असेल. स्टँडला दोरा बांधायचा, दोऱ्याला पितळी गोळा, तो हलकेच एका बाजूला ओढून सोडायचा आणि स्टॉपवॉच लावून वीस झोके मोजायचे. दोऱ्याची लांबी बदलत हे पाच-सहा वेळा करायचं आणि त्यातून गुरुत्वीय त्वरण काढायचं. त्या काळी आम्ही सेंटिमीटरमध्ये लिहीत असू, म्हणजे उत्तर यायचं ९८०. यायचं म्हणजे काय, ते आधीच ठाऊक असायचं. मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये असायचं, पुस्तकात असायचं, फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी लिहून ठेवलेलं असायचं. मग हुशार मुलं उत्तरापासून उलटी निघत आणि रीडिंगपर्यंत येत. त्यातही एक शहाणपण असे. अगदी ९८० लिहायचं नाही, सरांना संशय येतो. ९७८ लिहायचं, नाहीतर ९८३.

मी एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. १९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट. सकाळच्या बॅचला एक मुलगा होता. एस.टी.नं यायचा, फारसा बोलायचा नाही. त्यानं जर्नल माझ्यापुढं ठेवलं, त्यात उत्तर होतं ९३१. मी म्हटलं, "अरे, कुठंतरी चुकलंय. पुन्हा घे." तो निमूटपणे गेला, पुन्हा सगळं केलं. उत्तर आलं ९३३. तोवर पुढची बॅच दाराशी येऊन उभी होती. मी घाईत होतो. म्हटलं, "बाकीच्यांचं काय आलंय ते बघ जरा."

त्याला जे समजायचं ते समजलं. पुढच्या आठवड्यात जर्नलमध्ये ९७९ होतं. मी लाल शाईनं सही केली आणि शेजारी 'छान' असंही लिहिलं.

तीनेक वर्षांनी कॉलेजला नवी डिजिटल घड्याळं मिळाली. एका रिकाम्या दुपारी, काही उद्योग नव्हता म्हणून, मी जुनी पाच स्टॉपवॉचं काढली आणि एकेक करून नव्याशेजारी चालवून पाहिली. चार ठीक होती. पाचवं, ज्याच्या काचेवर आडवा ओरखडा होता ते, पाच मिनिटांत जवळजवळ आठ सेकंद पुढं पळत होतं. मी कागद घेऊन हिशेब मांडला. त्या घड्याळानं प्रयोग केला तर उत्तर ९३० च्या आसपास यायला हवं.

म्हणजे काय झालं, ते बघा. दर बॅचला पाचातल्या एका टेबलावर ते घड्याळ जात होतं. निदान तीन वर्षं. इतक्या मुलांनी त्यावर झोके मोजले असणार, आणि सगळ्यांच्या जर्नलमध्ये ९८०. जे दिसलं ते लिहिणारा एकच निघाला आणि त्याला मी बाकीच्यांचं बघायला सांगितलं.

आज मला बोलायला दिलेला विषय आहे 'संशोधनाच्या विविध वाटा'. शिक्षण, अभियांत्रिकी, धातू आणि पदार्थांचं शास्त्र, जीवशास्त्र, अशी चार खाती माझ्या स्वाधीन केली आहेत. मी या चारांतल्या एकाचाही तज्ज्ञ नाही. पण शिकवता शिकवता वाचत गेलो, तेव्हा एक लक्षात आलं. यांची यंत्रं वेगळी, भाषा वेगळी, माणसं तर एकमेकांना ओळखतही नाहीत. तरी प्रत्येक ठिकाणी कधीतरी कुणापुढं तरी तो ९३१ येऊन उभा राहतो. त्याचं पुढं काय करायचं, हा प्रश्न सगळीकडं एकच.

पहिली गोष्ट धातूंची. ८ एप्रिल १९८२, गुरुवारची सकाळ. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत डॅन शेख्टमन नावाचे इस्रायलचे एक पाहुणे शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. ॲल्युमिनियममध्ये मँगनीज मिसळून, तो रस एकदम थंड करून तयार केलेला मिश्रधातू ते तपासत होते. त्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत गेला की पलीकडं ठिपक्यांची रांगोळी उमटते. अणूंची मांडणी कशी आहे, ते त्या रांगोळीवरून कळतं. शेख्टमन यांनी मधल्या ठिपक्याभोवतीचे ठिपके मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच.

यात बिघडलं कुठं, असं तुम्ही म्हणाल. तर त्यासाठी न्हाणीघरातल्या लाद्या आठवा. चौकोनी लाद्या एकमेकींना चिकटून सगळी जमीन झाकतात. त्रिकोणी चालतात, षट्कोनीही चालतात. पण पंचकोनी लाद्या बसवायला गवंड्याला सांगा, तो हात जोडेल. कितीही जुळवा, मध्ये फटी राहतातच. स्फटिकाचं असंच आहे, असं दीडेकशे वर्षं मानलं जात होतं. स्फटिक म्हणजे तीच तीच अणूंची लादी पुन्हा पुन्हा मांडलेली. आणि अशा मांडणीत पाचाची किंवा दहाची सममिती बसूच शकत नाही. हे कुणा एकाचं मत नव्हतं. गणितानं सिद्ध झालेलं होतं, प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं.

शेख्टमन यांनी वहीत 'दहा' असं लिहून पुढं तीन प्रश्नचिन्हं काढली. मग त्यांनी केलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. त्यांनी लगेच स्वतःलाच खोटं पाडायचा प्रयत्न केला. कधी कधी दोन-चार जुळे स्फटिक एकमेकांना तिरपे चिकटलेले असतात आणि त्यांच्या ठिपक्यांची सरमिसळ होऊन दहाचा भास होतो. त्यांनी त्याच दिवशी असे जुळे शोधले. सापडले नाहीत.

सहकाऱ्यांना दाखवलं तर कुणी हसलं, कुणी दुर्लक्ष केलं. गटप्रमुखांनी स्फटिकशास्त्राचं पाठ्यपुस्तक आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि हे जरा वाचा म्हणून सांगितलं. शेख्टमन हा विषय स्वतः विद्यापीठात शिकवत होते! पुढं त्यांना तो गट सोडायला लावण्यात आला. पहिला लेख एका नियतकालिकानं परत पाठवला. अखेर नोव्हेंबर १९८४ मध्ये तीन सहकाऱ्यांसह लिहिलेला लेख छापून आला आणि जगभरच्या प्रयोगशाळांमधून लोकांनी आपापले जुने फोटो बाहेर काढले. काहींना तशीच रांगोळी आधी दिसली होती म्हणे. जुळे स्फटिक समजून त्यांनी ती बाजूला ठेवून दिली होती.

विरोध करणाऱ्यांत लायनस पॉलिंग होते, दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला माणूस. १९९४ मध्ये ते वारले, तोवर त्यांनी हे मान्य केलं नाही. मला यात पॉलिंग यांचा राग येत नाही. इतक्या वर्षांचा नियम एका फोटोनं सोडू नये, हेही बरोबरच आहे. फक्त एका फोटोचे शेकडो फोटो झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न राहतो. १९९२ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं स्फटिकाची व्याख्याच बदलली. अणूंची मांडणी अगदी शिस्तीत असते, पण तीच लादी पुन्हा पुन्हा येत नाही, अशा पदार्थांना आता क्वासीक्रिस्टल म्हणतात. २०११ मध्ये शेख्टमन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या गुरुवारनंतर साडेएकोणतीस वर्षांनी.

आता योगायोग बघा. त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉयल पर्थ हॉस्पिटलला ईस्टरची चार दिवसांची सुटी लागली. तिथं रॉबिन वॉरन नावाच्या पॅथॉलॉजिस्टना १९७९ पासून रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांवर वाकडे जंतू दिसत होते. जठरातल्या आम्लात जंतू तग धरत नाहीत, हे वैद्यकशास्त्राचं त्या काळचं ९८०. त्यामुळं ते बाहेरून लागलेले असतील, असं म्हणून लोक सोडून देत. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर वॉरन यांच्याबरोबर आले आणि दोघं मिळून ते जंतू बशीत वाढवायचा प्रयत्न करू लागले. चौतीस रुग्णांचे नमुने झाले. चौतीस बशा कोऱ्या.

पस्तिसाव्या रुग्णाची बशी सुटीच्या आधी ठेवली गेली. प्रयोगशाळेत दुसऱ्याच कामाची धांदल होती, त्यामुळं ती उबवणीच्या कपाटात चार-पाच दिवस तशीच राहिली. मंगळवारी उघडून पाहिलं तर जंतूंची वसाहत उगवलेली! एरवी तिथं दोन दिवसांत काही उगवलं नाही तर बशी फेकून देण्याची पद्धत होती. हे जंतू मात्र सावकाश वाढणारे निघाले. आधीच्या बशांनाही दोन दिवस जास्त दिले असते तर कदाचित उत्तर केव्हाच हाती आलं असतं.

पुढची हकिकत अनेकांनी ऐकली असेल. अल्सर म्हणजे काळजी, तिखट खाणं आणि आम्ल, असं डॉक्टर सांगत आले होते. आमच्या घरात एका काकांनी त्यापायी वीस वर्षं ताकभात खाऊन काढली. मार्शल यांचं म्हणणं पडलं की बहुतेक अल्सरांचं मूळ हा जंतू आहे. लोक ऐकेनात, तेव्हा १९८४ मध्ये त्यांनी जंतू घातलेलं पाणी स्वतःच प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज आणि तेच जंतू सापडले. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं. जंतू पिण्याचा भाग नाट्यमय आहे, म्हणून तोच सगळे सांगतात. मला त्या चौतीस कोऱ्या बशा जास्त आठवतात. बशी कोरी होती हे खरंच होतं. फक्त ती लवकर फेकली जात होती.

हे झालं परदेशातलं. आता आपल्या सह्याद्रीतलं ऐका.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट माझ्या पिढीला विसरता येणार नाही. मी तेव्हा चौथीत होतो. फळीवरची भांडी खाली आली, त्या आवाजानं आम्ही जागे झालो आणि अंगणात पळालो. आमचं गाव कोयनेपासून बरंच लांब, आम्हांला भांड्यांवर निभावलं. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली. भूकंप ६.३ रिश्टरचा होता.

दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं देशातला सगळ्यांत स्थिर भाग, असं तेव्हा समजलं जाई. काळ्या पत्थराची जमीन, ती कशाला हलतेय! कोयनेचं १०३ मीटर उंचीचं धरण बांधताना भूकंपासाठी धरलेला हिशेबही त्यामुळं बेताचा होता. धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर सोसेल, असा. पण शिवाजीसागरात पाणी भरायला लागलं, तेव्हापासून म्हणजे १९६२ पासूनच आसपासच्या गावांना बारीक हादरे जाणवू लागले होते. जमिनीतून गुरगुर ऐकू यायची, लोक तक्रारी करायचे. याची दखल घेतली गेली नाही असं नाही. १९६३ पासून तिथं भूकंपमापकं बसवली गेली, नोंदी होऊ लागल्या. हादरे तळ्याच्या परिसरात येताहेत, हेही दिसत होतं. पण बारीक हादऱ्यांमागून एवढा मोठा येईल, असं कुणाच्या हिशेबात नव्हतं.

धरणाच्या आतल्या गॅलरीत जमिनीच्या हिसक्याचा जोर मोजणारं एक यंत्र बसवलेलं होतं. त्या पहाटे ते चालू होतं, हे जगाचं भाग्य म्हणायचं. त्यानं नोंदवलेला सर्वोच्च हिसका धरलेल्या पाच टक्क्यांच्या दहापट आणि एका दिशेत त्याहूनही जास्त निघाला. या दोन आकड्यांची अशी सरळ तुलना करता येत नाही, हे अभियंते मला लगेच सांगतील, आणि ते खरं आहे. एकात वजनाच्या प्रमाणात सतत लावलेला जोर गृहीत धरलेला, दुसऱ्यात क्षणभराचा हिसका. पण तुलना का करता येत नाही, हे नीट समजून घेण्यातूनच पुढचं सगळं संशोधन निघालं.

धरण फुटलं नाही. मात्र त्याच्या उंच भागांना आडव्या भेगा पडल्या, आणि त्या पायथ्याशी पडल्या नाहीत. वर, जिथं धरणाच्या मागच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो त्या पातळीला पडल्या. जुन्या हिशेबाप्रमाणं पाहिलं तर तिथं भेग पडायचं कारण नव्हतं. म्हणजे आकडा जुळत नव्हताच, भेगेची जागाही जुळत नव्हती. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७३ मध्ये दाखवलं की भूकंपात धरण एका ठोकळ्यासारखं हलत नाही, ते लवचिक वस्तूसारखं डोलतं. त्याचा शेंडा पायथ्यापेक्षा कितीतरी जोरानं झुलतो. मग उतार बदलतो तिथं ताण एकवटतो आणि काँक्रीटला तर ताण सोसत नाही. भेगा बरोबर तिथंच पडायला हव्यात.

यातून एक गंमत झाली आहे. आज जगात कुठंही काँक्रीटच्या धरणाचं गणित मांडण्याची नवी पद्धत कुणी शोधली, तर ती आधी कोयनेवर लावून बघतात. मोजलेला हिसका हाताशी आहे, प्रत्यक्ष पडलेल्या भेगा ठाऊक आहेत. कोयनेच्या भेगा तुमच्या संगणकावर योग्य जागी उमटल्या तर तुमची पद्धत चालते, नाहीतर परत जा. पाटणजवळच्या आपल्या धरणाचा आडवा छेद चीन-इराणमधल्या तरुण इंजिनिअरांना पाठ असतो.

आणि पाण्यामुळं भूकंप होतो का, हा दुसरा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संस्थेतल्या हर्ष गुप्ता यांनी यावर आयुष्य घालवलं. मोठ्या जलाशयामुळं आधीच ताणलेल्या खडकांना निमित्त मिळतं आणि कोयनेचा भूकंप हा अशांतला जगातला सर्वांत मोठा, हे आता सर्वसाधारणपणे मानलं जातं. तरी खोलवर नेमकं काय होतं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून तर कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे या गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडून खालचे खडक वर काढून पाहिले गेले. ते भोक २०१७ मध्ये पुरं झालं. ज्या गुरगुरीची गावकऱ्यांनी १९६२ मध्ये तक्रार केली, तिच्या मागावर माणसं पंचावन्न वर्षांनी तीन किलोमीटर खाली पोचली!

आता राहिलं शिक्षण. मी मास्तर, तेव्हा या विषयावर माझं जरा जास्त घोळणार, सांभाळून घ्या.

ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचं शहर आहे. तिथं रस्त्यावर नारळ, लिंबं, मक्याची कणसं विकणारी पोरं खूप. शाळेत ती गणितात नापास होत. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेरेझिन्या कराहेर, डेव्हिड कराहेर आणि आनालुसिया श्लीमान या तिघांनी एक साधी युक्ती केली. गिऱ्हाईक म्हणून पोरांकडं गेले. एक नारळ पस्तीसचा, मला दहा हवेत, किती झाले? बारा वर्षांच्या पोरानं तोंडानंच हिशेब केला. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनाचे मिळून दोनशे दहा, अजून चार राहिले, असं करत करत साडेतीनशे. शाळेत शिकवलेलं 'दहानं गुणायचं तर शून्य लावा' त्याच्या डोक्यातही आलं नाही. चार नारळांचे किती, तर एकशे चाळीस. बरोबर.

काही दिवसांनी त्याच मुलाला कागद-पेन्सिल देऊन पस्तीस गुणिले चार करायला सांगितलं. उत्तर आलं दोनशे. कसं? पाच चोक वीस, शून्य लिहिलं, हातचे दोन. मग हातचे दोन आधीच तिनात मिळवले, झाले पाच, आणि त्या पाचाला चारानं गुणून वीस. शाळेची रीत त्याला अर्धवट आठवत होती, आणि दोनशे हे उत्तर आपल्या एकशे चाळिसाशी जुळत नाही, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. बाजारात तो नारळ मोजत होता. कागदावर नारळ नव्हते, नुसते आकडे होते.

या अभ्यासात मुलं फक्त पाच होती. बाजारात विचारलेल्या प्रश्नांपैकी ९८ टक्क्यांची उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसते आकडे म्हणून दिले तेव्हा ३७ टक्के. पाच मुलांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, हे खरंच. पण २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा फार मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथंही तसंच आढळलं. आठशे ग्रॅम बटाटे आणि एक किलो चारशे ग्रॅम कांदे यांचा हिशेब क्षणात करणारी मुलं पुस्तकातल्या पद्धतीच्या गणितात अडत होती. आणि त्यांनी उलटही तपासलं, हे मला फार आवडलं. शाळेत जाणाऱ्या, बाजारात कधी न बसलेल्या मुलांना बाजारचे हिशेब दिले, तर ती तिथं अडखळली. म्हणजे बाजारातलं शाळेत जात नाही, आणि शाळेतलं बाजारात येत नाही.

आमच्या कॉलेजसमोर मंगळवारचा बाजार भरायचा. तिथं भाजी घेऊन बसणाऱ्या बाईंची मुलगी सहावी-सातवीत असेल. तीन-चार भाज्यांचा हिशेब आणि पन्नासातून सुटे परत, हे ती बोलता बोलता करायची. एकदा आई कौतुकानं आणि काळजीनं म्हणाली, "सर, हिला गणितात बारा मार्क पडले बघा." मी त्या वेळी काय म्हटलं? "अभ्यास कर गं." दुसरं काही सुचलंच नाही. ती मुलगी समोर हिशेब करत होती आणि मी तिच्या प्रगतिपुस्तकावर विश्वास ठेवत होतो. घड्याळ पळतंय की लंबक, हे मला याही वेळी विचारावंसं वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सर न जुळणाऱ्या आकड्यांच्या प्रेमातच पडलेत. तर तसं नाही. शंभरांतले नव्याण्णव वेळा न जुळणारा आकडा म्हणजे चूकच असते. दोरा सैल असतो, एक झोका मोजायचा राहतो, वजाबाकी चुकते. माझ्या त्या मुलाचं ९३१ सुद्धा चूकच होतं की, पृथ्वीचं आकर्षण काही आमच्या तालुक्यात कमी नाही. फक्त ती चूक त्याची नव्हती.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं की जिनिव्हाहून इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेपर्यंतचे ७३० किलोमीटर न्यूट्रिनो नावाच्या कणांनी प्रकाशापेक्षा लवकर कापले. किती लवकर, तर साठ अब्जांश सेकंदांनी. आइनस्टाइन चुकले, अशा बातम्या आल्या. मला आठवतं, आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत वाद चालला होता. महिनोन्‌महिने तपासूनही चूक सापडत नाही, तेव्हा सगळ्यांनी बघा आणि आम्हांला सांगा, असं त्यांनी म्हटलं होतं. काही महिन्यांनी सापडली. वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतली प्रकाशतंतूची एक केबल नीट बसलेली नव्हती. न्यूट्रिनो बिचारे नियमात होते. या प्रकरणात गटाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं, आणि बरीच टिंगलही झाली. मला मात्र ते हसण्यासारखं वाटलं नाही. दोन केबली सैल असलेली प्रयोगशाळा मी चालवली आहे. फरक इतकाच, की माझ्या प्रयोगशाळेत उत्तर कायम बरोबर यायचं.

ते ओरखडा असलेलं घड्याळ मी डेड स्टॉकला लावलं. त्या मुलाला पत्र लिहावं, असं कित्येक वर्षं मनात होतं. कॉलेजच्या ऑफिसातून त्याचा पत्ताही मिळवला होता. काय लिहायचं ते जमेना, आणि मग राहूनच गेलं. त्याऐवजी एक केलं. पुढच्या जूनपासून प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी जर्नलमध्ये एक पान सोडायला लावलं. वर मथळा, 'न जुळलेलं'. काहीही लिहा, मार्क कापले जाणार नाहीत, असं वर्गात दोनदा सांगितलं. बाहेरून येणाऱ्या एका परीक्षकांनी हे पान पाहून कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, अभ्यासक्रमात कुठं आहे हे? नव्हतंच.

पहिल्या वर्षी चोवीसपैकी बावीस पानं कोरी आली. एकानं लिहिलं, 'सर्व काही जुळले.' आणि एका मुलीनं पेन्सिलीनं, खोडता यावं अशा बेतानं, दोन ओळी लिहिल्या होत्या. प्रयोग संपल्यावर दोरा परत मोजला तर तो सुरुवातीपेक्षा तीन मिलिमीटर लांब भरतो आहे, कारण माहीत नाही. मी पट्टी घेऊन तिच्या टेबलाशी गेलो. गोळा अजून टांगलेलाच होता. आम्ही दोघांनी मिळून पुन्हा मोजलं. तीन मिलिमीटर.